नारळी पौर्णिमा, चवदार तळे आणि मतपेटी

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी कधी थांबवायची आणि कधी पुन्हा सुरू करायची, हे ठरवणाऱ्या सरकारी नियमात बरीच वर्षे एका सणाचे नाव होते. यांत्रिक होड्यांना १० जूनपासून बंदी लागायची. ती उठायची १५ ऑगस्टला किंवा नारळी पौर्णिमेला, यांतला जो दिवस आधी येईल त्या दिवशी. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय जाळे टाकायचे नाही, हा कोळ्यांचा रिवाज या नियमापेक्षा कितीतरी जुना. सरकारने तो कायद्याच्या चौकटीत घेतला तो मात्र समुद्र देव आहे म्हणून घेतला नाही. पावसाळ्याच्या या महिन्यांत अनेक जातींच्या माशांची वीण होते, दर्या खवळलेला असतो, होड्या बुडतात, माणसे जातात, म्हणून घेतला. याच कारणामुळे तो नियम अलिबाग-मुरुडच्या हिंदू कोळ्याला जसा लागू झाला तसाच किनाऱ्यावरच्या मुस्लिम मच्छीमारालाही लागू झाला. परक्या धर्माचा सण आपल्यावर लादला जातो आहे, असे म्हणायला कुणाला जागा उरली नाही. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची एकसारखी बंदी आली आणि पौर्णिमेची तारीख नियमातून गेली. बंदी पूर्वीसारखी पौर्णिमेपर्यंत वाढवा, अशी मागणी त्यानंतरही पारंपरिक मच्छीमारांकडून होत आली आहे. तिच्यामागे भावना आहे, पण वाद घातला जातो तो ऑगस्टच्या आरंभी जाळ्यात येणाऱ्या लहान माशांवर आणि तेव्हाही न निवळलेल्या समुद्रावर.

धर्मश्रद्धेला राज्यकारभारात स्थान असावे की नसावे, हा वाद बहुधा दोन टोकांवरून घातला जातो. एका बाजूला श्रद्धा घरात ठेवा असे सांगणारे, दुसऱ्या बाजूला बहुसंख्यांची श्रद्धा हाच कायदा असे मानणारे. रायगडच्या किनाऱ्याचा गेल्या शंभर वर्षांचा अनुभव या दोन्ही टोकांच्या विरुद्ध साक्ष देतो. श्रद्धेतून निघालेले धोरण सार्वजनिक होऊ शकते, मात्र ती श्रद्धा नसलेल्या माणसालाही तपासून पाहता येईल असे कारण त्याच्यामागे असायला हवे. मतदाराने श्रद्धेने मत द्यावे की न द्यावे हा त्याचा प्रश्न आहे, मात्र त्या श्रद्धेच्या नावाने दुसऱ्या कुणी त्याला धाक घालता कामा नये. या दोन अटी मला फार महत्त्वाच्या वाटतात. त्यांपैकी पहिली ज्या ठिकाणी सर्वांत कठोरपणे कसाला लागली ते ठिकाण याच जिल्ह्यात, सावित्री नदीच्या काठी, महाडला आहे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालवली जाणारी पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्यांना खुले असावेत, अशी ती शिफारस होती. तिचा सगळा जोर ‘सार्वजनिक पैसा’ या दोन शब्दांवर होता. ठराव कुणाच्या देवघरात शिरत नव्हता आणि कुणाच्या सोवळ्याला हातही लावत नव्हता. ज्या पाण्याचा खर्च सगळ्यांच्या करातून भागतो ते पाणी सगळ्यांचे, एवढेच तो म्हणत होता. १९२४ साली महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला. कागदावर धोरण बदलले, तळ्यावर मात्र कुणी जाऊ शकत नव्हते. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा (आताचा रायगड) बहिष्कृत परिषद भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले. त्यानंतर गावात अफवा उठली की आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. पुढे तळ्यात पंचगव्याने भरलेल्या १०८ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले.

या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत बोधक वाटते ती त्याच वर्षी ४ ऑगस्टला नगरपालिकेने केलेली कृती. तिने १९२४ चा ठराव मागे घेतला. म्हणजे एका लोकनियुक्त संस्थेने, रीतसर मतदान करून, एक धोरण रद्द केले. तळ्याची मालकी बदललेली नव्हती, करही कुणाचा कमी झाला नव्हता, पाणीही आटले नव्हते. बदलला होता फक्त मतदार असलेल्या वर्गाचा राग. त्या काळी मताचा अधिकार मालमत्तेवर आणि करावर अवलंबून असे. ज्यांना पाण्यापासून दूर ठेवले जात होते त्यांच्यापैकी जवळजवळ कुणीच त्या मतदारयादीत नव्हते. बहुमताने ठरले म्हणून धोरण न्याय्य ठरते, असे मानणाऱ्यांनी महाडच्या या ठरावाकडे पाहावे. बहुमत मोजण्याआधी कुणाला मोजायचे हे ठरलेले असते आणि पुष्कळदा तेही श्रद्धेच्याच आधाराने ठरलेले असते.

हा वाद ‘श्रद्धाळू’ विरुद्ध ‘अश्रद्ध’ असा नव्हता. त्या वेळी महाड नगरपालिकेचे अध्यक्ष असलेले सुरेंद्रनाथ टिपणीस सत्याग्रहाच्या बाजूने उभे होते. परिषदेच्या उभारणीत अनंतराव चित्रे होते. त्याच वर्षी डिसेंबरात महाडलाच भरलेल्या दुसऱ्या परिषदेसाठी गावात जागा मिळेना तेव्हा ती एका मुस्लिम गृहस्थाने दिली. २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीच्या दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. त्याच परिषदेत आंबेडकरांनी आपल्या लढ्याची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेशी केली. मुसलमान या तळ्याचे पाणी भरतात, पशुपक्षी ते पितात, मग आम्हीच का नको, हा त्यांचा सवाल होता. शुद्धाशुद्धतेचा नियम खराच असता तर तो सर्व परधर्मीयांना सारखा लागला असता. तो लागत नव्हता, कारण नियम पाण्याच्या शुद्धतेचा नव्हताच. कुणाचा दर्जा कुठे, हे सांगण्यासाठी तो होता.

१२ डिसेंबर १९२७ रोजी सवर्णांच्या वतीने दिवाणी दावा दाखल झाला आणि दोन दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला. आंबेडकरांनी तो मानला आणि डिसेंबरात तळ्यावर जाणे पुढे ढकलले. पुढची जवळजवळ दहा वर्षे हे प्रकरण कोर्टात चालले. खालच्या कोर्टाचा निकाल १९३१ मध्ये, ठाण्याच्या अपिलाचा १९३३ मध्ये, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा १७ मार्च १९३७ रोजी लागला. तिन्ही निकाल दाव्याच्या विरुद्ध गेले. मात्र त्यांत उच्चनीचतेवर भाष्य फारसे नाही. वादींना कोर्टात ‘तळे बाटते’ एवढेच म्हणून भागणार नव्हते. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असे त्यांना सिद्ध करावे लागत होते. म्हणजे श्रद्धेला मालकीच्या आणि रूढीच्या भाषेत बोलावे लागले. एकदा तिने ती भाषा धरली की दप्तरे मागता आली, साक्षीदार उलटतपासता आले. तळे नगरपालिकेचे निघाले आणि रूढी अनादी असल्याचा पुरावा मिळाला नाही. कारण तपासण्याजोगे असले की खोटे कारण उघडे पडते, याचे इतके स्वच्छ उदाहरण आपल्याकडे दुसरे क्वचितच सापडेल. पुढे भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्याविषयी जे कलम आले, त्यातही ‘राज्याच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेले’ हीच अट आहे. बोले ठरावाचा सूर त्यात ओळखू येतो.

यावर एक गंभीर आक्षेप आहे. श्रद्धाळू माणसाला तुम्ही सांगता की आपली श्रद्धा बाजूला ठेवून दुसऱ्याला पटणारी कारणे शोध, आणि निधर्मी माणसावर मात्र असा कोणताच भार टाकत नाही. हा दुजाभाव नाही का? शिवाय सुधारणेची कितीतरी मोठी कामे श्रद्धेनेच केली. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले, ते भक्त म्हणूनच केले. आक्षेपातली वस्तुस्थिती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. गुरुजी भक्तांशी भक्तीच्या भाषेत बोलत होते आणि तसेच बोलायला हवे होते. त्याच वर्षी मुंबई राज्यात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. तो पाळण्यासाठी मात्र विठ्ठलावर श्रद्धा असण्याची अट नव्हती. श्रद्धेने माणसे हलतात, कायदा मात्र नागरिकांच्या समान हक्कावर उभा असावा लागतो. निधर्मी माणसावरही भार आहेच. ‘मला देव पटत नाही’ हे देखील धोरणाचे कारण होऊ शकत नाही. नारळी पौर्णिमा ही अंधश्रद्धा आहे म्हणून बंदीचा काळ बदला, असे कुणी म्हटले असते तर तेही तितकेच पोकळ ठरले असते.

आता मतदानाकडे वळू. धार्मिक माणूस धर्म पाहून मत देतो, हे गृहीतक या किनाऱ्यावर वारंवार खोटे ठरले आहे. १९३३ ते १९३९ या काळात अलिबाग तालुक्यात चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध, म्हणजे गावच्या जमीनदारांविरुद्ध, संप केला. शेते पडीक ठेवली, उपासमार सोसली. हे शेतकरी देवभोळे होते. वारकरी पंथ, भजन, ग्रामदेवतेची पालखी यांनी त्यांचे वर्ष भरलेले असे. १९३७ च्या सप्टेंबरात आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक विधिमंडळात मांडले, तेव्हा महाडच्या तळ्याचा प्रश्न आणि चरीच्या शेताचा प्रश्न एका नेत्याच्या कार्यक्रमात एकत्र आले. स्वातंत्र्यानंतर याच पट्ट्याने, म्हणजे अलिबाग, पेण, पनवेलने, मार्क्सवादाची भूमिका उघड घेतलेल्या शेतकरी कामगार पक्षाला (शेकाप) पिढ्यान्‌पिढ्या निवडून दिले. कुलाबा लोकसभा मतदारसंघात १९७७ आणि १९८४ मध्ये शेकापचे दि. बा. पाटील निवडून आले, १९९८ आणि १९९९ मध्ये रामशेठ ठाकूर. मधल्या १९८९, १९९१ आणि १९९६ या निवडणुका आणि पुढे २००४ ची निवडणूक त्याच मतदारसंघातून बॅरिस्टर अ. र. अंतुले यांनी जिंकली. अंतुले आंबेतचे, कोकणी मुसलमान. १९८० ते १९८२ या काळात ते मुख्यमंत्री होते आणि कुलाबा जिल्ह्याला शिवाजी महाराजांच्या राजधानीचे, रायगडचे नाव त्यांच्याच कारकिर्दीत, १९८१ साली मिळाले. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यातली मुस्लिम लोकसंख्या दहा टक्क्यांहून कमी होती. अंतुल्यांना चार वेळा लोकसभेत पाठवणारे बहुसंख्य मतदार हिंदूच होते.

इथे कुणी म्हणेल की हे उदारपणाचे पुरावे नाहीत. शेकापला मते मिळाली ती आगरी समाजाच्या एकीमुळे, अंतुल्यांना मिळाली ती काँग्रेसच्या चिन्हामुळे आणि केलेल्या कामांमुळे. मला हा आक्षेप उलट उपकारक वाटतो, कारण तो श्रद्धा आणि जमात यांतला फरक समोर आणतो. लोक धर्माच्या नावाने मत देतात असे आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा ते देवाविषयीच्या समजुतीवरून मत देत नसतात. आपली माणसे कोण, अडचणीत कोण धावून येईल, उद्या लग्नकार्याला आणि मयताला कोण उभे राहील, यावरून देतात. ही जमातीची गणिते आहेत. त्यांवर पक्षाने, कामाने, चळवळीने मात करता येते आणि या किनाऱ्यावर ती केली गेली आहे. नेहमीच केली जाते असे मी म्हणणार नाही. उमेदवार ठरवताना जात आणि धर्म मोजले जातात, रायगडातही मोजले जातात. पण मोजलेला आकडा आणि पेटीतून निघालेला आकडा यांत अंतर पडते, आणि लोकशाहीचा जीव त्या अंतरात आहे.

ते अंतर बुजवण्याचा मार्ग म्हणजे धाक. कोकणातल्या गावगाड्यात गावकी असते. देवळाचा उत्सव, पालखीचा मार्ग, मानपान, स्मशान, कधी पाणवठासुद्धा तिच्या हातात असतो. गावकी चांगली कामेही करते. आपत्तीत सरकारच्या आधी पोचते, रस्ता दुरुस्त करते, अडलेल्याचे लग्न लावून देते. पण तिच्या निर्णयाविरुद्ध जाणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकायचे हत्यारही तिच्याच हाती असते, आणि गेल्या दशकात वाळीत टाकल्याच्या तक्रारींसाठी रायगड जिल्हा महाराष्ट्रभर गाजला. गावकीने ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध उभे राहणे, निराळ्या पक्षाचे काम करणे, अशी निमित्तेही त्यांत होती. बैठक देवळात झाली, शपथ देवासमोर घेतली गेली की राजकीय निर्णयाला धार्मिक आज्ञेचे वजन येते. मग मत फोडणारा माणूस विरोधक राहत नाही, तो शपथभंगाचा पापी ठरतो.

आपल्या निवडणूक कायद्याने हा धोका ओळखला आहे, पण त्या कलमाची चर्चा फारशी होत नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२३ मधले तिसरे उपकलम, म्हणजे धर्म, जात, भाषेच्या नावाने मत मागण्यास मनाई, सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीचे उपकलम अनुचित दडपणाचे आहे. मतदाराला सामाजिक बहिष्काराची, जातीतून काढण्याची धमकी देणे, किंवा त्याच्यावर दैवी कोप होईल असे त्याला भासवणे, हे त्यात भ्रष्ट आचरण मानले आहे. या कल्पनेची मुळे परदेशी अनुभवातही आहेत. आयर्लंडमधल्या गॉलवेची १८७२ ची पोटनिवडणूक पाद्र्यांनी मतदारांवर दडपण आणल्याच्या कारणाने रद्द झाली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये राम दयाल विरुद्ध संत लाल या खटल्यात पंजाबातल्या नामधारी पंथाच्या गुरूच्या फर्मानाचा विचार केला. धर्मगुरूलाही आपली पसंती सांगण्याचा हक्क आहे, पण अनुयायाला निवडीला वावच राहणार नाही अशी आज्ञा तो देऊ शकत नाही, अशी रेषा न्यायालयाने आखली. सांगणे आणि बजावणे यांतली ही रेषा मला फार मोलाची वाटते.

तिसऱ्या उपकलमाबद्दल मात्र मी थोडा साशंक आहे. २ जानेवारी २०१७ रोजी अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याचा अर्थ रुंद केला. पूर्वी प्रश्न मुख्यतः उमेदवाराच्या धर्माचा होता, आता मतदाराच्या धर्माच्या, जातीच्या नावाने केलेले आवाहनही त्यात आले. हा खटला मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीतून निघाला होता. द्वेषाच्या प्रचाराला आळा बसावा ही इच्छा रास्त आहे. पण अल्पमतातल्या न्यायमूर्तींची भीतीही रास्त आहे. ज्यांना जातीच्या नावाने डावलले गेले त्यांनी आपले गाऱ्हाणे जातीचे नाव न घेता कसे मांडायचे? १९२७ सालच्या महाडमध्ये ‘आम्हाला अस्पृश्य म्हणून पाणी नाकारले जाते’ हे वाक्य उच्चारल्याशिवाय एक पाऊलही पुढे टाकता आले नसते. ओळखीचा उल्लेख आणि ओळखीचा धाक यांत फरक करणारा कायदा मला हवा आहे, आणि त्या दृष्टीने दुसरे उपकलम तिसऱ्यापेक्षा अधिक न्याय्य वाटते.

महाराष्ट्राने वाळीत टाकण्याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षणाचे विधेयक एप्रिल २०१६ मध्ये विधिमंडळात मंजूर झाले आणि कायदा जुलै २०१७ मध्ये लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. राजकीय कलावरून समाजात भेदभाव करणे हेही बहिष्काराच्या व्याख्येत बसवले आहे. या कायद्यावर टीका होते की श्रद्धा आणि रूढी कायद्याने बदलत नाहीत. बदलत नसतीलही. पण कायद्याचे काम मन बदलणे हे नव्हे. दुकानदाराने सामान नाकारले, कुणी तिरडीला खांदा दिला नाही, तर त्या कुटुंबाला पोलिसांत जाण्याचा आधार देणे हे त्याचे काम. गावातला माणूस तक्रार करायला घाबरतो, कारण उद्याही त्याला तिथेच राहायचे असते. म्हणून कायद्याइतकेच महत्त्व तहसीलदाराने आणि ठाणेदाराने पहिल्या दिवशी कुणाची बाजू ऐकली याला आहे.

यातला अवघड प्रश्न अजून सुटलेला नाही. मुंबई राज्याने १९४९ मध्येच जातिबहिष्कार आणि धर्मबहिष्कार यांना मनाई करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. धर्माची शिस्त राखण्यासाठी बहिष्कृत करणे हा पंथाच्या धर्मविषयक स्वायत्ततेचा भाग आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. सरन्यायाधीश बी. पी. सिन्हा एकटे विरोधात गेले. बहिष्कृत माणसाचे नागरी जीवनच हिरावले जात असेल तर प्रश्न धर्माचा उरत नाही, असा त्यांच्या मताचा रोख होता. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हा प्रश्न फेरविचारासाठी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवला. माझे मत सिन्हांच्या बाजूने आहे. पंथाने आपल्या प्रार्थनेत कुणाला घ्यावे हे पंथ ठरवू दे. पण पाणी, स्मशान, बाजार, शाळा आणि मत या गोष्टी पंथाच्या मालकीच्या नाहीत, त्या नागरिकाच्या आहेत. ज्या गावात देऊळ, स्मशान आणि पाणवठा एकाच मंडळींच्या हाती आहेत, तिथे पंथाचा हक्क आणि नागरिकाचा हक्क यांची सीमा कुठे आखायची, हे नऊ न्यायमूर्तींना ठरवावे लागेल, आणि त्या निकालाचा पहिला परिणाम कोकणातल्या गावक्यांवर दिसेल.